एकही गोळी न झाडलेली बंदूक

मित्रांनो, बंदूक म्हटलं की तुम्ही दोन पावलं मागे सराल, म्हणून आधीच सांगून टाकते. मी लाकडाची आहे. वय सव्वीस वर्षं. एवढ्या वर्षांत माझ्या नळीतून गोळी तर सोडाच, साधा धूरही बाहेर पडलेला नाही. नळीचं तोंड लाकडी बूच ठोकून बंद केलेलं आहे आणि कुणाची फसगत होऊ नये म्हणून त्या बुचाला भडक नारिंगी रंग दिलेला आहे. तरीही हरणाच्या शिकारीला निघालेली कितीतरी माणसं आधी माझ्याकडे आली. कोणत्या नंबरची बंदूक घ्यायची आणि तिची नळी किती लांब असावी, हे त्यांनी मला खांद्याला लावून ठरवलं. माझं सगळं आयुष्य याच एका कामात गेलं.

माझा जन्म बहरीनचा. मीना सलमान बंदराजवळ लाकडी खोकी बनवणारा एक कारखाना होता. मोठमोठी यंत्रं परदेशातून यायची, दुरुस्तीला परत जायची, आणि त्यांची खोकी तिथं जुळवली जायची. तिथं शिवदास सुतारकाम करायचा. देवरुखजवळच्या एका खेड्यातला हा माणूस. अंगानं बारीक, बोलणं कमी, कानावर नेहमी पेन्सिल. एका जर्मन यंत्राच्या खोक्याखाली बीच नावाच्या परदेशी झाडाच्या लाकडाचा जाड ठोकळा आला होता. बाकीचे कामगार तो फेकायला निघाले, तेव्हा शिवदासनं तो बाजूला ठेवला. "लाकूड सरळ आहे. कशाला तरी होईल," असं तो म्हणाला. त्या ठोकळ्यात मी होते.

त्याच सुमारास अर्शदभाई कारखान्यात आले. त्यांच्या आजोबांनी सुरतेहून येऊन राजधानी मनामाच्या जुन्या बाजारात दुकान टाकलं होतं. अर्शदभाई त्या दुकानात तंबू, दुर्बिणी, बूट, पावसाळी कोट असं शिकारीचं आणि भटकंतीचं सामान विकत. बंदुका विकत नसत, त्यांना परवानगीही नव्हती. बहरीनमध्ये शिकारीला हरणं नाहीत, त्यामुळे हौशी लोक दरवर्षी स्कॉटलंडच्या डोंगरांत जात. तिथं हरणं इतकी वाढतात, की दर हंगामात ठरावीक संख्येनं ती कमी करावी लागतात. बंदूकही तिथंच मिळते, फक्त कोणती हवी ते आधी कळवावं लागतं. अर्शदभाई स्वतःही जात आणि गिऱ्हाइकांची पत्रं तेच लिहून देत.

दुर्बिणींच्या पेट्या बनवून घ्यायला ते आले होते. बोलता बोलता म्हणाले, "लोक इथून कागदावर नंबर लिहून पाठवतात आणि तिथं गेल्यावर बंदूक हातात मावत नाही. मग चुका होतात."

दोघं आपसांत हिंदीत बोलत, मधूनच एखादा अरबी शब्द येई. मी तुम्हांला ते मराठीतच सांगते.

शिवदास म्हणाला, "मग इथंच त्यांच्या हातात एक द्या की."

"बंदूक ठेवता येत नाही रे."

"लाकडाची ठेवायला कोण नको म्हणेल?"

अर्शदभाई त्याच्याकडे बघतच राहिले. मग हसून म्हणाले, "यल्ला, चल, बनव."

शिवदासनं मला पाच आठवडे घडवलं, आणि तेही रोज सुट्टी झाल्यावर. रंधा, पटाशी, कानस, शेवटी पॉलिश पेपर. दस्ता पोकळ करून त्यात शिसं भरलं, खऱ्या बंदुकीएवढं वजन येईपर्यंत. खरी नळी नसल्यानं त्यानं लोखंडी पाइप आणला आणि त्याचे पाच तुकडे केले: अठरा, वीस, बावीस, चोवीस आणि सव्वीस इंचांचे. हवा तो तुकडा माझ्यात आट्यांनी बसायचा. अर्शदभाईंनी मला आधी पोलीस ठाण्यात दाखवून आणलं, मग दुकानात ठेवलं. दोन महिन्यांनी शिवदासचा व्हिसाही त्यांनी दुकानाच्या नावावर करून घेतला. मी आणि माझा सुतार असे दोघं एकाच दुकानात कामाला लागलो.

ते दिवस काही निराळेच होते.

शिवदास हळूहळू सगळं शिकला. अर्शदभाईंनी त्याला पुस्तकं दाखवली, तिथल्या वाटाड्यांची पत्रं वाचून दाखवली. मीही ऐकत होते. बंदुकीचा नंबर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. एका इंचाचे हजार भाग केले आणि भोक त्यातल्या तीनशे आठ भागांएवढं असलं, की ती 'तीनशे आठ'. 'दोनशे त्रेचाळीस' त्याहून बारीक. नंबर मोठा आणि दारू जास्त, तसा खांद्याला धक्का मोठा. नंबरापुढे 'मॅग्नम' लागलं, की भोक साधारण तेवढंच, पण दारू बरीच जास्त आणि धक्काही. नळी लांब असली की गोळीला वेग थोडा जास्त मिळतो, पण बंदूक जड होते, झुडपांत अडकते, गाडीत शिरताना दाराला लागते. नळी आखूड असली की वेग थोडा कमी, पण बंदूक हाताच्या कह्यात राहते. हे सगळं पुस्तकात आहे. तुमच्या खांद्याला काय झेपेल, ते मात्र पुस्तकात नसतं. ते शिवदास माझ्याकडून काढून घ्यायचा.

त्याची पद्धत साधी होती. दुकानाच्या वरच्या मजल्यावर जायला एक उभा लाकडी जिना होता. गिऱ्हाईक आलं, की शिवदास मला त्याच्या हातात देई आणि तो जिना तीनदा चढउतार करायला लावी. धाप लागली की म्हणे, "आता भिंतीवरच्या हरणावर धरा." भिंतीवर एका हरणाचं चित्र होतं आणि त्याच्या पुढच्या पायामागे शिवदासनं खडूनं एक ताटली काढलेली होती. तेवढी जागा सोडून गोळी दुसरीकडे लागली, की जनावर हाल हाल होऊन मरतं. गिऱ्हाईक तिथं धरे आणि शिवदास दहापर्यंत मोजे. मग अचानक माझ्या तोंडाकडून तळव्यानं एक धक्का मारे. ज्याचे डोळे मिटत, त्याला मोठा नंबर मिळत नसे. एवढं झालं की शिवदास कानावरची पेन्सिल काढून कागदावर नंबर आणि इंच लिहून देई. लोक त्याला 'उस्ताद' म्हणत. रिफा, मुहर्रक अशा शहरांतून, इतकंच काय पण समुद्रावरचा पूल ओलांडून पलीकडच्या देशातूनही लोक येत.

एकदा सलील नावाचा पुण्याचा तरुण आला. सीफ भागातल्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता आणि त्याच्या साहेबांनी त्याला शिकारीचं आमंत्रण दिलं होतं. शिवदास मराठी आहे हे कळल्यावर त्याला बरं वाटलं.

"काका, मला तीनशे मॅग्नम लिहून द्या. नळी सव्वीस. मी सगळं वाचलंय."

"वाचलंत ते बरं केलंत. आता जरा जिना चढा."

सलील तरातरा चढला. वळणावर माझ्या सव्वीस इंची नळीचं तोंड शेल्फाला लागलं आणि थर्मासची अख्खी रांग खाली आली. तो बिचारा खाली बसून थर्मास गोळा करायला लागला. शिवदास हसला नाही. त्यानंही खाली बसून चार थर्मास उचलले.

"काका, पण हरीण केवढं मोठं असतं. त्याला मोठी गोळी नको?"

"साहेब, हरीण कितीही मोठं असलं, तरी तुम्हांला गोळी त्या ताटलीतच लावायचीय. मोठ्या बंदुकीनं ताटली मोठी होत नाही."

नंतरच्या धक्क्याला सलीलचे डोळे गच्च मिटले. त्यानं ते स्वतःच कबूल केलं. शिवदासनं त्याला तीनशे आठ आणि बावीस इंच लिहून दिलं. महिन्याभरानं सलील मिठाईचा पुडा घेऊन आला आणि त्यानं काउंटरवरच्या मला हळूच थोपटलं. मला त्या दिवशी जेवढी ऐट वाटली, तेवढी पुढे कधी वाटली नाही.

पण मित्रांनो, सगळ्यांना नंबर सांगणाऱ्या त्या दुकानात एक माणूस आमचं ऐकत नसे. ते खुद्द अर्शदभाई. त्यांचं म्हणणं असं, की आपण तीस वर्षं जातोय, आपल्याला काय जिना चढायचा? एके वर्षी मुहर्रकच्या एका दोस्तानं मॅग्नम नेली, म्हणून यांनीही तीच सांगितली, तीही सव्वीस इंची नळीची. शिवदास एवढंच म्हणाला, "भाई, एकदा खांद्याला लावून बघा." त्यांनी हात झटकला.

परत आले ते गप्प होऊनच. दोन दिवस गल्ल्यामागेच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी शिवदासला समोर बसवलं.

"चाप ओढताना माझे डोळे मिटले, शिवदास. गोळी पोटात लागली. हरीण उठून गेलं. दीड दिवस कुत्रा घेऊन शोधलं. नाही सापडलं."

शिवदासनं आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मग त्यानं त्यांना गावची गोष्ट सांगितली. त्याच्या वडिलांकडे पिकाच्या राखणीची, परवान्याची ठासणीची बंदूक होती. शिवदासच्या लग्नाच्या वर्षी, पहाटेच्या धुक्यात, डुक्कर समजून त्यांनी झाडलेली गोळी एका भेकराला लागली. भेकर निसटलं. ते तिसऱ्या दिवशी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठावर शिवदासलाच सापडलं. पाण्याकडे तोंड करून पडलेलं होतं, पण पाण्यापर्यंत पोचलं नव्हतं. वडिलांनी त्या दिवशी बंदूक ठाण्यात जमा केली ती परत आणली नाही.

"म्हणून मी लोकांना जिना चढायला लावतो, भाई," शिवदास म्हणाला. "मला शिकारीतलं काही कळत नाही. पण ते भेकर मी पाहिलंय."

अर्शदभाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या दोघांची मैत्री खरी तर त्या दुपारी झाली. त्याआधी ते मालक आणि नोकर होते.

त्यानंतर दोन वर्षं अर्शदभाई कुठं गेले नाहीत. मध्यंतरी त्यांच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. हाताला बारीक कंपही सुटू लागला. वय एकाहत्तर. पण ते हरवलेलं हरीण त्यांच्या मनातून जात नव्हतं. एकदा तरी परत जावं आणि एक गोळी नीट मारावी, म्हणजे ती वाईट आठवण पुसेल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. २०१८ सालच्या ऑगस्टमधल्या एका सकाळी ते दुकानात आले आणि त्यांनी पहिल्यांदाच मला स्वतःहून उचललं.

"चल शिवदास. आज मी तुझं गिऱ्हाईक."

ते जिना चढले, एकदाच. मग भिंतीवरच्या हरणावर धरलं. शिवदासनं आधी चोवीस इंची नळी लावली होती. माझं तोंड त्या ताटलीभोवती माशीसारखं फिरू लागलं. त्यानं बावीस लावली. मग वीस. मग अठरा. माझ्या अंगातून त्यांची थरथर शिशापर्यंत पोचत होती. मला वाटलं, आपण एकदा तरी स्थिर राहावं, या माणसासाठी तरी. पण मी लाकूड. धरणारा हात हलला की मी हलणारच. शिवदासनं तळव्यानं धक्का दिला, अगदी हलका, आणि अर्शदभाई कळवळून खांदा धरून उभे राहिले.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "ठीक आहे. बारीक नंबर लिही. दोनशे त्रेचाळीस. नळी तू म्हणशील ती."

शिवदासनं पेन्सिल काढली नाही.

"शिवदास, नंबर सांग."

"नंबर नाही, अर्शदभाई."

"म्हणजे?"

"तुमच्यासाठी नंबर नाही. कुठलाच नाही. तुम्ही जा, डोंगर बघा, हरणं बघा. पण गोळी झाडू नका."

अर्शदभाईंचा चेहरा लाल झाला. टेबलावर शिवदासच्या व्हिसाचे कागद सहीसाठी पडलेले होते. मुदत संपायला महिनाही उरला नव्हता. त्याची मुलगी रुपाली तेव्हा रत्नागिरीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. हे सगळं शिवदासला त्या क्षणी दिसत असणार, कारण त्याची नजर एकदा त्या कागदांवर गेली. पण त्यानं आपला शब्द मागे घेतला नाही.

"खलास," अर्शदभाई म्हणाले. मला त्यांनी काउंटरवर ठेवलं, आपटलं नाही, ठेवलं. कागद उचलले आणि निघून गेले.

मग अकरा दिवस ते शिवदासशी बोलले नाहीत. दुकानात येत, गल्ल्यामागे बसत, काही हवं असलं तर दुसऱ्या नोकराला सांगत. शिवदास दिवसभर मला पुसत बसे. जेवणाच्या सुट्टीत गावी बायकोला, मथुराला, फोन लावी.

"मथुरा, बहुतेक परत यावं लागेल."

"या मग. घर काय पळून गेलंय?" पलीकडून मथुरा म्हणाली. "पण मला एक सांगा, तुम्ही 'हो' म्हटलं असतंत तर?"

"तर ते गेले असते. आणि आणखी एक हरीण..."

"मग झालं तर. जेवलात काय?"

"जेवतोय गो."

तो जेवला नव्हता. डबा तसाच होता. मी बघत होते.

बाराव्या दिवशी हुस्ना आली. ही अर्शदभाईंची मुलगी. सलमानियाच्या मोठ्या रुग्णालयात ती हाडांच्या रोग्यांकडून व्यायाम करून घेण्याचं काम करते. रुग्णालयातूनच आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं.

"चाचा, बाबा घरी म्हणतात की शिवदासनं मला म्हातारा म्हटलं."

"मी तसं म्हटलं नाही, बेटा."

"मग काय म्हटलंत?"

"नंबर नाही म्हटलं."

हुस्ना खुर्चीत बसली. "तेच मी सहा महिन्यांपासून सांगतेय त्यांना. त्या खांद्याला एक धक्का बसला, तर हात परत वर जाणार नाही. माझ्यावर ते नुसते हसतात. तुमच्यावर रागावले, म्हणजे तुमचं त्यांना पटलंय."

मग ती उठली आणि तिनं मला उचललं. वडिलांबरोबर क्लबात निशाण्यावर नेम धरायला ती कॉलेजात असल्यापासून जात होती, पण जनावरावर तिनं कधी बंदूक धरली नव्हती. तिनं जिना तीनदा केला. भिंतीवरच्या हरणावर धरलं. शिवदास मोजायला लागला. पाचापर्यंत आला असेल, तेवढ्यात दार उघडून अर्शदभाई आत आले. शिवदास थांबला.

अर्शदभाई काही क्षण मुलीकडे बघत उभे राहिले. मग तेच पुढे मोजू लागले. "सहा. सात. आठ. नऊ. दहा."

शिवदासनं धक्का दिला. हुस्नाचे डोळे उघडेच राहिले.

अर्शदभाई अकरा दिवसांनी पहिल्यांदा शिवदासकडे बघून बोलले. "हिच्यासाठी काय लिहिशील?"

"दोनशे त्रेचाळीस. नळी वीस इंच."

"वीस? चोवीस तरी लिही. वेग कमी पडेल."

"पडू दे, भाई. तिथं तोंडाला आवाज दाबणारी नळी लावतात, ती वेगळी वीतभर. चोवीस घेतली तर गवतात टोक आधी जाईल आणि ही मागून. हिनं शंभर पावलांच्या आत गेल्याशिवाय चाप ओढायचा नाही. हे कबूल असेल तर हा नंबर, नाहीतर नाही."

"मला कबूल आहे," हुस्ना म्हणाली. "पण मी एकटी जाणार नाही. हरीण शोधून द्यायला बाबा हवेत. दुर्बिणीला धक्का नसतो."

अर्शदभाई हसले नाहीत, पण त्यांनी खिशातून एक पाकीट काढून शिवदाससमोर सरकवलं आणि ते सरळ गल्ल्यामागे जाऊन बसले. पाकिटात शिवदासचा व्हिसा होता, शिक्क्यासकट. सहीखालची तारीख त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवसाची होती. शिवदासनं ती दोनदा वाचली. मग तो माझ्याकडे वळला आणि माझी नळी उगाचच काढून परत बसवू लागला. त्याला डोळे कुणाला दाखवायचे नव्हते.

सप्टेंबरअखेर बापलेक गेली. परतल्यावर हुस्नानं दुकानात बसून सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी एक नर दिसला, पण अडीचशे पावलांवर. तिनं बंदूक पिशवीतून काढलीच नाही. दुसऱ्या दिवशी वारा फिरला आणि कळप वास घेऊन पळाला. तिसऱ्या दिवशी अर्शदभाईंनी दुर्बिणीतून कळपापासून वेगळा राहिलेला, एक पाय किंचित ओढणारा म्हातारा नर हुडकला. वाटाड्या म्हणाला, हा या हिवाळ्यात टिकणार नाही. मग तिघं ओल्या दलदलीतून तासभर सरपटत गेले. एकाहत्तर वर्षांचे अर्शदभाईसुद्धा, कोपरांवर.

"नव्वद पावलं होती, चाचा. मी धरलं. बाबा माझ्या कानाशी होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. त्यांनी 'मार' असं म्हटलं नाही. 'घाई नाही' असं म्हणाले."

एकच गोळी. हरीण तीस-चाळीस पावलं गेलं आणि बसलं ते उठलं नाही. अर्शदभाई त्याच्याजवळ जाऊन ओल्या गवतात बसले. त्याच्या मानेवर हात ठेवून ते इतका वेळ बसले, की वाटाड्यानं टोपी काढली.

"तुम्हांला सांगायला सांगितलंय त्यांनी," हुस्ना म्हणाली. "पाण्यापर्यंत पोचायची गरज पडली नाही, असं शिवदासला सांग म्हणाले. मला काही अर्थ कळला नाही."

शिवदासला कळला. मलाही कळला.

त्यानंतर अर्शदभाई पुन्हा शिकारीला गेले नाहीत. त्यांना जायचंच उरलं नव्हतं.

मित्रांनो, पुढचं सांगायला मला फार उत्साह नाही. दिवस बदलले. लोक मोबाइलवर माप टाकून नंबर काढू लागले. जुन्या बाजारातलं दुकान बंद झालं आणि अर्शदभाईंच्या पुतण्यानं सीफच्या मॉलमध्ये नवं काढलं. तिथं जिना नव्हता. काचेचं काउंटर होतं आणि मोठा पडदा होता. मला वरच्या फळीवर, रिकाम्या खोक्यांमागे ठेवलं. शिवदास आता बूट विकायचा. येता-जाता वर बघायचा, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी शिवदासनं नोकरी सोडली आणि तो गावी निघाला. जाताना त्यानं पुतण्याकडे एकच वस्तू मागितली. मला. त्यानं मला गोधडीत गुंडाळलं आणि सामान पाठवणाऱ्याकडे नेलं. तिथल्या माणसानं गोधडी उलगडून पाहिली आणि मान हलवली.

"मफी, नाही. बंदूक जाणार नाही."

"लाकडाची आहे, भाऊ. मी स्वतः केलीय."

"दिसते ना बंदुकीसारखी? मग नाही."

शिवदास परत गोधडी बांधत असताना मी आयुष्यात एकदाच मनाशी म्हटलं, की माझ्या सुतारानं मला थोडी कमी हुबेहूब केली असती तर बरं झालं असतं. विमानतळावर जाण्याआधी तो टॅक्सी थांबवून हुस्नाच्या घरी उतरला आणि मला तिच्या हातात देऊन गेला.

हुस्नानं मला दिवाणखान्यात मानानं भिंतीवर टांगलं. पण मान मिळाला की हात लागायचा थांबतो, हे मला तिथं कळलं. माझ्या अगदी वर एसी होता. ती कोरडी हवा वर्षभर अंगावर घेऊन माझं लाकूड सुकत गेलं, आणि मागच्या महिन्यात दस्त्यापासून चापापर्यंत उभी भेग पडली. हुस्नानं ती पाहिली आणि लगेच देवरुखला व्हिडिओ कॉल लावला.

दिवाणखान्यात अर्शदभाईही बसलेले होते. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. चहाचा कपही त्यांना दोन हातांनी धरावा लागतो. पडद्यावर शिवदास आला. केस पूर्ण पिकलेले, मागे फणसाचं झाड, आणि मथुराचा आवाज, "कोण हाय? हुस्ना? तिला बरी आहेस का म्हणावं."

"चाचा, हिला भेग पडली. पुट्टी भरू का?"

"पुट्टी नको. जवळ आण फोन. आणखी जवळ." शिवदासनं बराच वेळ पाहिलं. बापानं मुलाचा खरचटलेला गुडघा पाहावा तसं. "एसीखालून काढ आधी. जवसाचं तेल आण. फडक्यानं नाही, हातानं चोळायचं, रोज थोडं थोडं. लाकडाला माणसाचा हात लागला पाहिजे गो."

"मला रोज वेळ कुठं मिळतो, चाचा?"

तेव्हा अर्शदभाईंनी कप खाली ठेवला. "मला आहे की वेळ," ते म्हणाले, आणि फोनकडे झुकून विचारलं, "शिवदास, या कामाला तरी नंबर आहे का माझ्यासाठी?"

शिवदास हसला. मी त्याला इतक्या वर्षांत एवढं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. "आहे, भाई. दिवसातून दोनदा."

तेव्हापासून रोज सकाळी आणि संध्याकाळी अर्शदभाई मला मांडीवर घेऊन बसतात. तळव्यावर तेल घेतात आणि चोळतात. त्यांचा हात थरथरतो, आणि खरं सांगू का, त्या थरथरीनं तेल भेगेत फार खोलवर मुरतं. भेग बुजली नाही. बुजणारही नाही. पण वाढायची थांबली आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात काहीतरी कौतुकानं उंचावर टांगलेलं असेल. त्याला अधूनमधून खाली घ्या, हात लावा. आणि तुम्हांला आवडणार नाही असं खरं बोलणारा एखादा माणूस तुमच्याजवळ असेल, तर त्याच्याशी अकरा दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नका.

आता थांबते. संध्याकाळ होत आली, अर्शदभाई तेलाची बाटली घेऊन यायची वेळ झाली.